एव्हरेस्टच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी

आमच्या बेळगावात वर्गणी मागायला दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. गणपती आहे, शिवजयंती आहे, गावची यात्रा, कुस्तीचं मैदान, कुणाच्या पोराचं ऑपरेशन, आणि आता गेल्या काही वर्षांत त्यात एव्हरेस्ट आलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो, खाली हातात झेंडा धरलेला एक पोरगा, त्याखाली तीस-चाळीस लाखांचा आकडा. मग पुढारी, सोसायट्या, पतसंस्था, कुणी पालिकेत अर्ज टाकतो, कुणी बंगळूरला आणि कुणी मुंबईला, कारण सीमाभागातल्या माणसाला दोन्ही दारं वाजवायची सवय लागलेलीच आहे.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगतो म्हणजे शेवटी कुणाची फसगत नको. लोकांचा पैसा, मग तो पालिकेचा असो, सरकारचा असो की पावती पुस्तकातला असो, एव्हरेस्टचं शिखर गाठायला देऊ नये. डोंगर शिकायला द्यावा. स्वतःच्या पैशानं कुणी चाललं असेल तर खुशाल जावं, त्यात मी बोलणारा कोण.

पैसे देणाऱ्याच्या डोक्यात एव्हरेस्ट म्हणलं की शाळेच्या पुस्तकातलं चित्र असतंय. हिलरी, तेनसिंग, बर्फाची कुऱ्हाड, १९५३. आपण त्याच कामाला हातभार लावतोय असं त्याला वाटतं. म्हणून ते जुने लोक नक्की कशासाठी जात होते आणि त्यांचा पैसा कुठनं येत होता हे जरा बघायला पाहिजे.

पैसा मागणं काही आजचं नाही. ब्रिटिशांच्या जमीनमोजणी खात्याच्या, म्हणजे सर्व्हेच्या, गणितातनं ‘पीक १५’ हे जगातलं सगळ्यात उंच शिखर असल्याचं १८५२ च्या सुमारास पुढं आलं, ते गणित करणाऱ्यांत राधानाथ सिकदर होते, आणि १८६५ ला त्या शिखराला जॉर्ज एव्हरेस्टचं नाव चिकटलं. पण जवळ जायला नेपाळ बंद, तिबेट बंद. तिबेटची परवानगी मिळून पहिली मोहीम गेली ती १९२१ ला. लंडनच्या भूगोलवाल्यांची सोसायटी आणि तिथला अल्पाइन क्लब यांनी मिळून कमिटी केली आणि तीही पैशासाठी सतत वणवण करत होती. १९२४ च्या मोहिमेत जॉन नोएल नावाच्या फोटोग्राफरनं फिल्म आणि फोटोच्या हक्कांसाठी ८,००० पौंड मोजले. म्हणजे स्पॉन्सर, राइट्स, पेपरशी करार हे सगळं शंभर वर्षांपूर्वी होतंच. त्यामुळं ‘पूर्वी कसं शुद्ध होतं, आता बाजार झाला’ असलं रडगाणं मी गाणार नाही.

फरक आहे तो त्या पैशातनं काय मिळालं याचा. १९२१ ला डोंगराच्या पायथ्याला जायचं कुठनं हेच कुणाला माहीत नव्हतं. नकाशात तिथं पांढरी जागा होती. व्हीलर नावाचा सर्व्हेवाला महिनोन्‌महिने थंडीत फोटो काढत नकाशा करत बसला आणि पूर्व रोंगबुक या हिमनदीची वाट त्याच्या हाती लागली, ज्या वाटेनं पुढं तिबेटच्या बाजूनं १९३८ पर्यंतच्या ब्रिटिश मोहिमा गेल्या. त्याच मोहिमेत अलेक्झांडर केलास होता. लंडनच्या एका मेडिकल कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा स्कॉटिश माणूस, सुट्टी मिळाली की सिक्कीमला यायचा, आणि युरोपातले गाइड न आणता शेर्पांना बरोबर घेऊन चढायचा. १९११ ला त्यानं असंच पौहुनरी हे शिखर केलं, ७,१२८ मीटर. उंचीवर शरीराचं काय होतं, ऑक्सिजन लागेल का, किती लागेल, यावर त्यानं लिहून ठेवलं होतं. बिचारा १९२१ ला एव्हरेस्टकडं जाताना वाटेतच, तिबेटातल्या कांपा झोंगजवळ वारला. पुढच्या वर्षीच्या मोहिमेत फिंच नावाच्या गिर्यारोहकानं ऑक्सिजनच्या बाटल्या पाठीवर घेऊन ८,३०० मीटरच्या वर मजल मारली, आणि अंगात बलूनच्या कापडात पिसं भरून शिवलेला कोट, जो बघून बाकीचे हसले होते. आज बाजारात डाउन जॅकेट म्हणून जे मिळतंय त्याचं हे आजोबा. १९५३ ला ग्रिफिथ प्यू नावाच्या डॉक्टरनं सांगितलं की वरती माणसं पाणी कमी पितात म्हणून खचतात, भरपूर प्यायला द्या.

अशा पैशाला परतावा होता. कुणी वर पोचलं नाही तरी नकाशा राहिला, वैद्यकशास्त्राला काहीतरी मिळालं.

आता आजची वाट बघा. नेपाळच्या बाजूनं खुंबूच्या बर्फाच्या कडेकपारीतनं शिड्या आणि दोर लावायला शेर्पांची वेगळी टोळीच असते, ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात त्यांना. तिथनं पुढं शिखरापर्यंत दोर शेर्पाच आधी जाऊन लावून येतात. तंबू तेच वर नेतात, बाटल्या तेच, स्वयंपाक तेच करतात. पैसे भरलेला माणूस त्या दोराला जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, अडकवून चालतो. चालणं सोपं नाही हे मला मान्य आहे, ८,००० च्या वर शरीर अक्षरशः मरायला लागलेलं असतं. पण त्यात अज्ञात असं काही उरलेलं नाही. परमिटचा दर ११,००० डॉलर होता, सप्टेंबर २०२५ पासून नेपाळनं १५,००० केला, आणि २०१९ च्या मे महिन्यातला तो रांगेचा फोटो तुम्हीही बघितला असेल. अशा ठिकाणी एक माणूस अजून उभा राहिला म्हणून बेळगावच्या करदात्याला नक्की काय मिळणार?

‘प्रेरणा’ असं उत्तर येतं. ठीक आहे, प्रेरणेचंही बघू, पण त्याआधी जुन्या मोहिमांची दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी साहेबांची आरती ओवाळतोय असं होईल.

१९२२. जूनचा पहिला आठवडा, पावसाळा तोंडावर, ताजा बर्फ पडलेला. दोन प्रयत्न होऊन गेलेले, परत फिरावं असं काही जणांचं मत. तरी तिसरा प्रयत्न करायचा ठरला आणि ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे तिघं ब्रिटिश गिर्यारोहक चौदा हमालांना घेऊन नॉर्थ कोल या खिंडीच्या उतारावर निघाले. एकामागं एक दोराला बांधून. वरनं बर्फाचा थर सुटला. पुढचे साहेब लोक बर्फात गाडले गेले पण सुटले, मागचे नऊ हमाल बर्फाच्या कड्यावरनं खाली भेगेत गेले. दोघांना जिवंत उकरून काढलं. सात गेले. त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं, त्यांना तिथंच राहू द्या. कॅम्पवर दगड रचून एक खूण केली आणि मोहीम परत फिरली. साहेबांपैकी एकही मेला नाही याची बोच सॉमरवेलनं पुढं लिहून ठेवली, आपल्यातला एखादा का नाही गेला त्यांच्याबरोबर अशा अर्थाची. हा सॉमरवेल डॉक्टर होता, मोहिमेनंतर दक्षिणेत फिरायला आला, त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन हॉस्पिटलची अवस्था बघून तिथंच सर्जन म्हणून राहिला, वर्षानुवर्षं. मला सगळ्या एव्हरेस्टवाल्यांत हा माणूस आवडतो.

त्या सात जणांची नावं मात्र किती जणांना माहीत आहेत? मॅलरीचा बूट कुठल्या कंपनीचा होता हे सांगणारे भेटतील.

याच्याही आधी, १८६० साली, सर्व्हेचा एक खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारा कामगार, स्पितीतल्या शिल्ला शिखरावर खांब घेऊन गेला. सहा हजार मीटरच्या वरचं शिखर. मोजमापात गडबड होऊन ते सात हजारांच्या वरचं समजलं गेलं, आणि कित्येक वर्षं माणूस गेलेली ती सर्वात मोठी उंची म्हणून पुस्तकात राहिली. खलाशाचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. १८९५ ला ममेरी नावाचा इंग्रज गिर्यारोहक नंगा पर्बतवर गेला, आठ हजारी शिखरावरचा हा पहिला प्रयत्न, तो आणि त्याच्याबरोबरचे दोन गुरखे परत आलेच नाहीत. रघुबीर थापा आणि गोमान सिंग. निदान ही दोन नावं शिल्लक आहेत.

रविवार पेठेतला हमाल पोतं पाठीवरनं आत आणून टाकतो आणि दुकानदार गिऱ्हाईकाला सांगतो ‘आज मी माल आणलाय’, तसा हा सगळा इतिहास आहे. आणि सगळ्यात झोंबणारा प्रसंग १९३९ चा, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरचा, के-टूवरचा. डडली वोल्फ हा श्रीमंत अमेरिकन, खर्चाचा मोठा वाटा उचलणारा, डोंगराचा अनुभव बेताचा. तो वरच्या कॅम्पात एकटा अडकला. त्याला आणायला पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे तिघं शेर्पा परत वर गेले. वोल्फही गेला आणि ते तिघंही गेले. पैसा कुणाचा आणि जीव कुणाचा हा हिशोब तेव्हाच मांडून झालाय, आपण फक्त तो वाचत नाही. २०१४ च्या १८ एप्रिलला खुंबूत बर्फ कोसळून १६ जण मेले, सगळे नेपाळी कामगार, गिऱ्हाईक एकही नाही. सरकारनं घरच्यांना सुरुवातीला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले तेव्हा शेर्पा पेटून उठले आणि त्या मोसमात चढाईच बंद पडली.

म्हणून एव्हरेस्टला वर्गणी देणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायला पाहिजे, तुझ्याबरोबर शेर्पा कोण, त्याला पगार किती, त्याचा विमा किती. मी एका बैठकीत हे विचारलं. टिळकवाडीतला हॉल, पुढं चहा, पेढे, पोरगा चांगला, तब्येतीनं दणकट, बोलायला नम्र. त्यानं आपल्या बुटांची किंमत सांगितली, बाटल्या किती लागतील ते सांगितलं, शेर्पाचं म्हणाला, ‘ते एजन्सी देते’. शेजारी बसलेल्या काकांनी मला कोपरानं ढोसलं, काय करूलालास रे, पोराचा उत्साह कशाला घालवतोस. मी गप्प बसलो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

आता माझा खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. डोंगरावरचं सगळ्यात अवघड काम वर जाणं नसून वेळेवर परत फिरणं आहे, आणि वर्गणी नेमकं तेच अशक्य करून ठेवते.

१९२४ च्या ४ जूनला मोहिमेचा लीडर नॉर्टन आणि तोच सॉमरवेल बिनाऑक्सिजन वर चालले होते. सॉमरवेलचा घसा थंडीनं असा सुजला होता की श्वास कोंडायला लागला, तो बसला. नॉर्टन एकटा पुढं. डोळ्यांना एकाचे दोन दिसायला लागलेले, पाय नक्की कुठल्या दगडावर ठेवायचा कळेना, खाली उतार असा की घसरला तर संपला. ८,५७३ मीटरवर तो थांबला. शिखर वर तीनशे मीटरसुद्धा नव्हतं. तो वळला आणि खाली आला, रात्री बर्फानं डोळे गेले ते काही दिवसांनी परत आले, आणि पुढं कितीतरी वर्षं जगला. चारच दिवसांनी मॅलरी आणि आयर्विन वर गेले ते गेलेच. जगाला मॅलरी माहीत आहे. मला विचाराल तर त्या मोहिमेतला शहाणा माणूस नॉर्टन.

आपल्या देशाचंच बघा. १९६० ला ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या मोहिमेतले तिघं शिखराच्या दोनेकशे मीटर खालनं वाऱ्यापुढं हार मानून परतले. १९६२ ला मोहन कोहली आणि त्यांचे दोन साथीदार त्याहून जवळ गेले आणि परत फिरले. पैसा सरकारचा होता, देशाची इज्जत पणाला होती, तरी परत फिरले. आणि सरकारनं काय केलं, त्याच कोहलींना १९६५ च्या मोहिमेचा लीडर केलं. त्या वेळी नऊ जण शिखरावर पोचले. दोनदा रिकाम्या हातानं आलेल्यांवर कुणी टपली मारली असती तर ते नऊ झाले नसते.

आता उलट बाजू. २०१६ ला पश्चिम बंगालमधल्या एका छोट्या ग्रुपमधले तिघं एव्हरेस्टवर गेले, जिवानिशी. एक पोलीस, एक दुर्गापूरचा शिंपी, आणखी एक, सगळे बेताच्या परिस्थितीतले. वर्षानुवर्षं पैसा साठवलेला, उधार-उसनवार केलेली, आदल्या दोन वर्षी गेले तर २०१४ ला हिमकडा कोसळला आणि २०१५ ला भूकंप झाला, दोन्ही वेळा मोसमच रद्द. तिसऱ्यांदा गेलेला असा माणूस, बरोबरचे शेर्पा परत चला म्हणत असताना, घड्याळात परत फिरायची वेळ होऊन गेली तरी, कसा फिरेल? त्याच्या डोळ्यापुढं शिखर नसतंच हो, घरचं कर्ज असतं. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघांचे मृतदेह खाली आणायला परत शेर्पाच वर गेले आणि त्याचा खर्च राज्य सरकारनं उचलला. लोकांचा पैसा शेवटी तिथं लागला.

आपण वर्गणी देतो तेव्हा असंच कर्ज त्या पोराच्या पाठीवर ठेवतो. व्याज घेत नाही एवढंच. रेल्वे स्टेशनवर ढोल-ताशा, गळ्यात हार, आईच्या डोळ्यात पाणी, पेपरात फोटो. हे सगळं झाल्यावर ८,५०० वर ढग आले तर त्यानं काय करायचं? मध्यंतरी पुण्यातल्या एका दांपत्यानं शिखर गाठल्याचे बनावट फोटो दाखवले म्हणून नेपाळ सरकारनं त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. आपण हसलो. पण खोटं बोलायची वेळ माणसावर का येते यात गावचाही थोडा हात असतो.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की मग गरिबाच्या पोरानं स्वप्न बघूच नये का, डोंगर काय फक्त पैसेवाल्यांचा? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण सगळ्या वादात तेवढाच दमदार आहे. तेनसिंग तर हमालच होता. पण तेनसिंगचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. १९३५ ला तो पहिल्यांदा एव्हरेस्टवर सामान वाहायला गेला. १९५२ ला स्विस लोकांबरोबर रेमंड लँबर्टच्या जोडीनं ८,६०० च्या आसपास जाऊन परत फिरला. १९५३ ला जमलं. म्हणजे अठरा वर्षं डोंगरात काम करून. आणि १९५३ च्या त्या गाजलेल्या मोहिमेची सुरुवात काठमांडूत कशी झाली माहीत आहे का? साहेबांची सोय वकिलातीत आणि शेर्पांची सोय मागच्या गॅरेजमध्ये, जे पूर्वी घोड्यांचा तबेला होतं, संडाससुद्धा नाही. सकाळी उठून शेर्पांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावरच लघवी करून आपलं मत नोंदवलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घ्यायला काय हरकत आहे, पोरं इतिहास आवडीनं वाचतील.

तेनसिंग शिखरावर गेल्यावर देशानं काय केलं तेही बघा. १९५४ ला दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट काढली आणि तेनसिंगला तिथं शिकवायला बसवलं. पुढं उत्तरकाशी, मनाली. लोकांचा पैसा कुठं घालावा याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही. तिथला बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो आणि सरकारी संस्था असल्यामुळं काही हजारांत होतो. एका एव्हरेस्टच्या पैशात किती पोरं-पोरी हा कोर्स करतील, मग अ‍ॅडव्हान्स करतील, मग सहा-साडेसहा हजारांची शिखरं करतील, ज्यांची नावं फ्लेक्सवर उठून दिसत नाहीत पण जिथं स्वतःचा दोर स्वतः लावावा लागतो, ते तुम्हीच गणित करा. मराठी माणसाला हे नवीन नाही. १९९८ ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले, २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची पोरं गेली, त्यामागं वर्षानुवर्षं सह्याद्रीतली आणि हिमालयातली तालीम होती. पावती पुस्तक त्यांनीही फिरवलं असेल, पण आधी तालीम आणि मग पावती.

आमच्या भागात तालमीला जागा कमी नाही. दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले करणारी आमची पोरं, जरा मोठी झाली की येळ्ळूरच्या राजहंसगडावर, मग पारगड, कलानिधीगड, महिपाळगड. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं गर्दी. आणि दर पावसाळ्यात कुठल्यातरी धबधब्यावर कुणीतरी वाहून जातंय, शेजारच्या गावातले पोहणारे आणि फायर ब्रिगेडवाले उतरून शोधत असतात, हाताला लागेल तो दोर घेऊन. वनखातं बंदीचा बोर्ड लावतं. बोर्ड वाचून कुणी थांबत नाही. एव्हरेस्टच्या मोहिमेला दहा लाख देणाऱ्या संस्थेनं त्यातला एक लाख इथल्या दहा गावातल्या पोरांना दोर, हार्नेस आणि स्ट्रेचर वापरायला शिकवण्यात घातला तर ते पेपरात येणार नाही हे खरं, पण माणसं वाचतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात आहे, फौजेतनं रिटायर होऊन आलेले लोक गल्लीगल्लीत आहेत, डोंगर आणि दोर दोन्ही कळणारे. शिकवायला माणूस बाहेरनं आणायची गरज नाही.

तरी कुणाला एव्हरेस्टलाच द्यायचे असतील तर अट घालून द्या. शेर्पाचं नाव, पगार आणि विमा लेखी. आधी सात हजारांच्या आसपासचं एखादं शिखर केल्याचा दाखला. आणि देणाऱ्यांनीही लिहून द्यायचं की तू शिखराच्या शंभर मीटर खालनं परत आलास तरी स्टेशनवर तेवढाच ढोल वाजेल.

मग बेळगावचं नाव एव्हरेस्टवर कधी लागणार, असं टिळकवाडीतले तेच काका मला परवा विचारत होते. लागेल तेव्हा लागेल की, घाई कसली. दहा-पंधरा पोरं-पोरी कोर्स करून आल्या, त्यातली दोन-चार इन्स्ट्रक्टर झाली, एखादीला एनसीसीच्या नाहीतर फौजेच्या टीममध्ये जागा मिळाली, तर ती जाईल, आणि तिच्या तिकिटासाठी काकांना गल्लीत हिंडावं लागणार नाही.